बाप्तिस्मा झाला, आता घरात, ऑफिसात आणि महालक्ष्म्यांच्या सणात नवी ओळख जगायची कशी?

प्रश्न: मानेवाडा_वाचक

सर्वांना नमस्कार. मी नागपुरातील मानेवाड्यात आईवडील आणि धाकट्या भावासोबत राहतो, हिंगणा एमआयडीसीतील एका खासगी कंपनीच्या लेखा विभागात नोकरी करतो आणि गेल्या ईस्टरला माझा बाप्तिस्मा झाला. हा निर्णय घाईत घेतलेला नाही. सहकाऱ्याने दिलेला मराठी नवा करार मी बराच काळ एकट्याने वाचत होतो, नंतर उपासनेला जाऊ लागलो, आणि पाळकांनीही आधी घरी सांगा, मग पुढचे बोलू, असे बजावून मला पुरेसे थांबवले होते. घरी सांगितले तेव्हा बाबा काहीच बोलले नाहीत. आई रडली, आणि काही दिवसांनी “तुझा देव तुझ्यापाशी, पण घर मोडू नकोस” एवढेच म्हणाली.

जो ख्रिस्तामध्ये आहे तो नवी उत्पत्ती आहे, जुने होऊन गेले, हे प्रेषित पौलाचे वचन (२ करिंथ ५:१७) मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, ऐकताना मन भरून येते. अडचण त्यानंतर सुरू होते. आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. मोठा मुलगा म्हणून आजवर पूजेला मीच बसत आलो; मुखवटे माळ्यावरून काढणे, मखर बांधणे, जेवणाच्या दिवशी सोळा भाज्या आणि आंबिलीचे सामान कॉटन मार्केटमधून आणणे, ही सगळी कामे माझ्याकडे असतात. यंदा मी पूजेला बसावे की नाही? बसलो नाही तर पाहुण्यांदेखत आईची मान खाली जाईल. बसलो तर बाप्तिस्म्याच्या वेळी सर्वांसमक्ष जे बोललो त्याचे काय? ऑफिसातही गणपतीत आरती होते आणि नंतर प्रत्येकाच्या टेबलावर प्रसाद येतो.

मंडळीतील काही जण म्हणतात की मी बायबलमधील नाव घ्यावे, म्हणजे साक्ष स्पष्ट होईल. दुसऱ्या एका सहभागितेतील (प्रार्थनागटातील) ओळखीचे गृहस्थ म्हणतात की माझा बाप्तिस्मा पाणी शिंपडून झाल्यामुळे तो पुरेसा नाही, पुन्हा बुडवून घ्यावा. या दोन्ही गोष्टींनी मी गोंधळलो आहे.

आणखी एक गोष्ट ओघात सांगतो. भावावर ओरडण्याची माझी सवय गेलेली नाही, आणि ऑफिसात माझ्या टेबलावरून जाणारी प्रवासखर्चाची काही बिले खरी नसतात, हे वरपासून खालपर्यंत सर्वांना ठाऊक असूनही त्यांवर माझी सही लागते. पण तो वेगळा विषय आहे. मुख्य प्रश्न सणांचा आणि नावाचा आहे. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर: सदरचा_जुना_सभासद

प्रभूच्या नावात सलाम. आपला प्रश्न मी दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा शेवटच्या परिच्छेदावर अडलो. ज्याला आपण वेगळा विषय म्हणता, तोच मला मुख्य विषय वाटतो, आणि याला शास्त्राचा आधार आहे.

इफिसकरांस लिहिलेले पत्र सलग वाचा. पहिल्या तीन अध्यायांत पौल वाचकांना जवळजवळ काहीच करायला सांगत नाही. देवाने काय केले, तुम्हांला कोणत्या कुटुंबात घेतले, दूर असलेल्यांना जवळ कसे आणले, हेच तो सांगत राहतो. ओळख आधी दिली जाते. ती वागणुकीच्या बदल्यात मिळत नाही, म्हणून भावावर ओरडल्याने ती परतही घेतली जात नाही. चौथ्या अध्यायात तो वागणुकीकडे वळतो, जुना मनुष्य काढून टाका आणि नवा धारण करा असे म्हणतो, आणि लगेच पुढच्या ओळींत काय येते ते पाहा: खोटे बोलणे सोडा, रागावलात तरी सूर्य मावळेपर्यंत राग ठेवू नका, चोरी करणाऱ्याने यापुढे चोरी करू नये. सण, नाव, पोशाख यांचा तिथे उल्लेख नाही. आपण ओघात सांगितलेल्या दोन गोष्टी पौलाच्या यादीत अगदी आरंभी आहेत.

म्हणून माझ्या मते महालक्ष्म्या येण्याआधी बिलांचा प्रश्न हाती घ्यावा. याचा अर्थ उद्या सकाळी साहेबांसमोर उभे राहून भाषण करावे असा नव्हे. मी स्वतः सरकारी कार्यालयात लेखा शाखेत आयुष्य काढले आहे, तेव्हा अनुभवाने सांगतो की पहिले पाऊल फार साधे असते. सहीच्या रकान्यात सही न करता “मूळ पावती जोडलेली नाही, कृपया जोडून सादर करावे” असा शेरा लिहून फाइल परत पाठवावी. त्यात कोणावर आरोप नाही, कोणाचा अपमान नाही आणि असत्यही नाही. काही बिले तेवढ्यानेच परत येणार नाहीत. जी येतील त्यांच्यासाठी साहेबांशी एकट्याने, शांतपणे बोलावे लागेल आणि त्याची किंमत मोजावी लागू शकते. ती लागणार नाही असे आश्वासन मी देत नाही. जक्कयाच्या घरी येशू गेला तेव्हा त्या जकातदाराने कोणते स्तोत्र म्हटले याची नोंद नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि अन्यायाने घेतले असेल तर चौपट परत करतो, हे त्याचे शब्द मात्र लूकने जपले आहेत.

आता सणाविषयी. जुन्या करारात २ राजे ५ मध्ये अरामी सेनापती नामान कुष्ठरोगातून बरा झाल्यावर अलीशा संदेष्ट्याला एक अवघड गोष्ट विचारतो. माझा धनी रिम्मोनाच्या मंदिरात माझ्या हातावर टेकून नमन करतो, तेव्हा मलाही वाकावे लागते. परमेश्वर मला क्षमा करील काय? अलीशा त्याला “शांतीने जा” एवढेच म्हणतो. परवानगीही देत नाही आणि दटावतही नाही. या उत्तरातून मी एवढेच घेतो की नव्या विश्वासणाऱ्याच्या गुंतागुंतीकडे संदेष्ट्याने दयेने पाहिले. तरीही पूजेला बसणे आणि सणाच्या घरात राबणे यांत मी भेद करीन. पूजेला बसणारा संकल्प सोडतो, म्हणजे तो कर्ता असतो. तिथे बसून मनात दुसरेच म्हणणे हे आईशीही खरेपणाचे होणार नाही. भाज्या आणणे, मखर बांधायला हात लावणे, पाहुण्यांना वाढणे, भांडी घासणे ही आईची सेवा आहे, आणि तिचा मान राखण्याची आज्ञा दहा आज्ञांतच आहे. ऑफिसातील प्रसादाबद्दल १ करिंथचे आठ ते दहा अध्याय आणि रोम १४ वाचा. तिथे पौल एकच नियम सर्वांना लावत नाही, समोरच्याच्या विवेकाचा विचार करायला सांगतो.

नावाबद्दल फार वेळ घालवू नका. फिबी आणि अपुल्लोस ही नावे ग्रीक दैवतांवरून आलेली असूनही पौलाने ती बदलायला लावली नाहीत. आपल्याकडे पंडिता रमाबाई ख्रिस्ती झाल्यावरही रमाबाईच राहिल्या, बाबा पदमनजी आणि नारायण वामन टिळक यांचीही नावे तशीच राहिली. टिळक तर काही काळ आपल्या नागपुरात राहिलेले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दूर झाल्या. पुढे त्या परत आल्या तरी सोवळेओवळे एका दिवसात सुटले नाही, आणि स्वतःच्या विचाराने त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो सुमारे पाच वर्षांनी. घरच्यांना वेळ द्यावा लागतो, हे मराठी ख्रिस्ती माणसाला यापेक्षा चांगले कोणी शिकवलेले नाही.

पुन्हा बाप्तिस्मा घेण्याची काही गरज नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी याच शहरात सहा मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली. त्यांत लहान मुलांना बाप्तिस्मा देणारेही होते आणि फक्त प्रौढांना बुडवून बाप्तिस्मा देणारे बाप्टिस्ट व ब्रदरन हेही होते. दोन्ही पद्धती मान्य करूनच ते एक झाले. ज्यावर त्यांनी अनेक वर्षे चर्चा करून समझोता केला, त्यावर आपण मानेवाड्यात एकट्याने झोप उडवून घेऊ नये.

उत्तर: जरीपटका_सहभागिता

वरील ज्येष्ठ बंधूंचा आदर राखून मी दोन ठिकाणी वेगळे मत नोंदवतो. बाप्तिस्म्याच्या पद्धतीचा वाद मी इथे मुद्दाम काढत नाही.

नामानाचे उदाहरण इथे पूर्णपणे लागू होत नाही. तो राजाचा सेवक होता आणि त्याच्या हातावर राजा टेकत असे. प्रश्नकर्त्याच्या हातावर कोणी टेकलेले नाही. मला जुन्या करारातला दानीएल अधिक जवळचा वाटतो. त्याने राजाच्या ताटातले अन्न नाकारले, पण भांडण काढले नाही; कारभाऱ्याला विनंती केली, दहा दिवस आम्हांला शाकभाजी आणि पाणी देऊन पाहा असे सुचवले आणि त्या माणसावर संकट येणार नाही याची काळजी घेतली. नकार स्पष्ट होता आणि रीत नम्र होती. प्रसादाबाबतही पौलाने १ करिंथ १०:२८ मध्ये, हे देवाला वाहिलेले आहे असे कोणी सांगितले तर खाऊ नका, असे लिहिले आहे. आपल्याकडे प्रसाद देताना तो प्रसाद आहे हे सांगूनच हातावर ठेवतात. म्हणून मी घेत नाही; हात जोडून “माझ्याऐवजी यांना द्या” असे म्हणतो, आणि माझ्या दुकानाच्या गल्लीत आता कोणी त्याचे वाईट मानत नाही.

दुसरे असे की पहिल्या वर्षी मनुष्य एकटा पडतो. रविवारच्या उपासनेने भागत नाही. आठवड्यातून एकदा तरी चार जणांत बसून वचन वाचावे, प्रार्थना करावी आणि आपला राग, आपली बिले हे विषय तिथे बोलावेत. बिलांबाबत बंधूंनी जे लिहिले त्याच्याशी मी शंभर टक्के सहमत आहे.

उत्तर: महाल_वाडा

मी ख्रिस्ती नाही, या विषयाचा जाणकारही नाही. माझ्या थोरल्या भावाने काही वर्षांपूर्वी हाच मार्ग धरला, म्हणून घरातल्या बाजूने हे कसे दिसते ते सांगावेसे वाटले. त्याच्या निर्णयाशी मी आजही सहमत नाही, हे आधीच स्पष्ट करतो.

आरतीला तो उभा राहत नाही, याचा आईला जितका त्रास झाला त्यापेक्षा कितीतरी जास्त त्रास तो सणाच्या दिवशी घरातून निघून जाई त्याचा झाला. येणारा प्रत्येक पाहुणा “मोठा कुठे आहे?” असे विचारी आणि आईला दर वेळी नवे कारण सांगावे लागे. शिवाय सुरुवातीच्या काळात तो जेवताना, टीव्ही पाहताना, कशावरूनही वचन काढून समजावू लागे. आम्ही त्याला उत्तर देणे बंद केले आणि त्याने त्यालाच छळ समजले. कदाचित त्याच्या जागी मीही तसेच समजलो असतो.

घरात फरक पडला तो वेगळ्याच गोष्टीमुळे. आमचा भाऊ पक्का खर्राबाज, म्हणजे तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळणारा, होता. कॉलेजपासून त्याच्या शर्टाच्या खिशात खर्ऱ्याची पन्नी असायचीच आणि कपडे भिजवण्याआधी आई ती बडबडत काढून फेकायची. एके दिवशी ती म्हणाली, “मोठ्याच्या खिशात काही नसते हल्ली.” त्याने कोणाला सांगितले नव्हते, मंडळीत साक्ष दिली असेल तर ते आम्हांला ठाऊक नाही. बाबांनी किती वर्षे सांगून पाहिले होते! आई त्याच्या येशूबद्दल त्यानंतर पहिल्यांदा काहीतरी बरे बोलली. काय बोलली ते तिचे तिच्यापाशी राहू द्यावे.

पुढच्या वर्षी महालक्ष्म्यांच्या जेवणाला तो घरी थांबला. पूजेला मी बसलो. त्याने धोतर नेसले नाही, हातही जोडले नाहीत, पण पहिल्या पंगतीपासून शेवटच्या पंगतीपर्यंत पुरणपोळ्या आणि कढी वाढत राहिला, आणि “मोठा कुठे आहे?” या प्रश्नाला उत्तर म्हणून तो समोरच होता. नातेवाइकांपैकी दोघांनी टोमणे मारले. ते लग्नातही मारतात.

उत्तर: मोहननगर_शिक्षिका

मी तिसऱ्या पिढीची ख्रिस्ती आहे. आमच्या घरात कोणाला पूजेचा पेच पडत नाही, म्हणून आपल्यासारख्यांचे प्रश्न आम्ही फार सोपे समजतो. खरे तर आमचा पेच उलटा आणि अधिक अवघड आहे. नाव ख्रिस्ती, दाखल्यावर धर्म ख्रिस्ती, नाताळला नवे कपडे, गुड फ्रायडेला उपास, आणि मंडळीच्या कमिटीच्या निवडणुकीत एकमेकांची तोंडे न पाहण्याइतके वैर. यात नवी उत्पत्ती कुठे शोधावी, असा प्रश्न माझ्या वर्गातील एखाद्या हुशार मुलाने विचारला तर मला उत्तर सुचणार नाही. म्हणून आमच्या रीतिभाती म्हणजेच विश्वास, असे कृपया समजू नका. केक, पांढरी साडी, इंग्रजी गीतांच्या चाली यांतले काहीही आवडले तर घ्या, नाही आवडले तर सोडा. पेटी-तबल्यावर मराठी भजने म्हणणारी मंडळी असेल तर मला स्वतःला तिथे अधिक बरे वाटते. आपले बाबा कधी आपल्यासोबत आलेच तर त्यांनाही तिथे परके वाटणार नाही.

धर्म बदलला म्हणजे वागणूक बदलली पाहिजे, हे नागपूरकराला वेगळे सांगावे लागत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी इथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत चोरी करणार नाही, खोटे बोलणार नाही, दारू पिणार नाही याही आहेत. आमचा मार्ग निराळा आहे. ख्रिस्ती माणूस आपल्या निश्चयावर उभा नसतो, कृपेवर उभा असतो. पण माझ्या शेजारच्या बौद्ध घरांत त्या प्रतिज्ञा किती गांभीर्याने पाळल्या जातात ते मी लहानपणापासून पाहिले आहे, आणि कृपेचे नाव घेऊन ढिले वागणाऱ्या आम्हा जुन्या ख्रिस्ती लोकांना त्यापुढे लाज वाटावी अशी स्थिती आहे.

रागाबद्दल एवढेच, की पेत्राने येशूसोबत प्रत्यक्ष वर्षे घालवली, पन्नासाव्या दिवशी, म्हणजे पेन्टेकॉस्टच्या सणाला, हजारोंसमोर उपदेश केला, आणि तरी पुढे अंत्युखियात लोकांच्या भीतीने तो परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, बंधूंच्या पंगतीतून उठून गेला, असे पौल गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात लिहितो. त्यामुळे तो प्रेषित राहिला नाही असे कोणी म्हटले नाही. त्याला तोंडावर सुनावले मात्र गेले. आपल्यालाही असे सुनावणारा एखादा माणूस जवळ असू द्या. धाकटा भाऊच ते काम उत्तम करील. ओरडलात तर त्याच दिवशी, निजण्याआधी, त्याची क्षमा मागा. देवाकडे मागितलेली क्षमा त्याला ऐकू जात नाही.

उत्तर: जिल्हा_न्यायालय_वकील

कागदपत्रांविषयी थोडक्यात लिहितो, कारण घरात ही शंका कोणीतरी काढतेच. बाप्तिस्म्यासाठी नाव बदलावे लागत नाही. स्वेच्छेने बदलायचे असल्यास राजपत्रातील प्रसिद्धीची रीतसर प्रक्रिया आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने धर्मांतर केलेल्या व्यक्तीचा स्वतःचा वारसाहक्क काढून घेतलेला नाही. मात्र कलम २६ नुसार, धर्मांतरानंतर जन्मलेली तिची मुले वारसा खुला होताना हिंदू नसतील तर त्यांना हिंदू नातेवाइकांकडून वारसा मिळत नाही. प्रश्नकर्ते अनुसूचित जातीचे असतील तर अनुसूचित जाती ठरवणाऱ्या १९५० च्या राष्ट्रपती आदेशाचा विचार करावा लागेल. त्यात हिंदू, शीख आणि बौद्ध यांचाच समावेश आहे. हे सर्व आईवडिलांना आपणच मोकळेपणाने सांगितलेले चांगले.

प्रश्नकर्त्याचे उत्तर: मानेवाडा_वाचक

सर्वांचे मनापासून आभार. मी जे ओघात लिहिले तेच सर्वांनी उचलून धरावे, याचे आधी थोडे वाईट वाटले आणि मग इफिसकरांस पत्र काढून बसलो. कालच एक बिल “मूळ पावती जोडलेली नाही” असा शेरा लिहून परत पाठवले आहे. साहेबांनी अद्याप बोलावलेले नाही. बोलावतील.

महालक्ष्म्यांबाबत असे ठरवले आहे की पूजेला बसणार नाही, पण तिन्ही दिवस घरीच राहीन, सामान आणीन आणि वाढायला उभा राहीन. नैवेद्याच्या ताटाबाबत माझे मन अजून ठरलेले नाही. जरीपटक्याच्या बंधूंचे म्हणणे पटते आणि आईने वाढलेले ताट बाजूला सारायला हातही धजत नाही. त्यावर पाळकांशी बोलेन. आईला हे ऐन सणाच्या तोंडावर कळू नये, म्हणून पोळ्याच्या आधीच सांगावे असा विचार आहे. नाव आहे तेच ठेवतो.

उत्तर: महाल_वाडा

एक सुचवतो. आईला सांगण्याआधी धाकट्या भावाला विचारा. आपण उठलात की पूजेला तोच बसणार, तीन दिवसांचे सोवळे आणि उपास त्याच्याच अंगावर येणार. आमच्याकडे मला कोणी विचारले नव्हते; आईने परस्पर सांगितले की यंदापासून तू. मी बसलो, पण भावाशी पुढे कित्येक दिवस बोललो नाही, आणि त्याला वाटत राहिले की माझा राग त्याच्या येशूवर आहे.